तिसरा चौकोन

कंपनीने पुन्हा बोलावणं ही मानाची गोष्ट आहे, असं धाकटी समजत होती ते सोमवारी सकाळी सव्वानऊपासून साधारण साडेनऊपर्यंत. साडेनऊला शेजारचे हेडसर वर्तमानपत्र परत द्यायला आले आणि ती समजूत संपली.

सव्वानऊला मेल आला होता. मागच्या उन्हाळ्यात जिथे तिने दोन महिने इंटर्नशिप केली, त्या सॉफ्टवेअर कंपनीने याही उन्हाळ्यात तिला बोलावलं होतं. रुजू व्हायचं पुढच्या सोमवारी. कॉलेजचं परवानगीपत्र मात्र शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला. खाली टीम लीडने स्वतःच्या दोन ओळी जोडल्या होत्या: ‘तुझा स्वेटर अजून खुर्चीवर आहे. तुझा चौकोनही तसाच पडून आहे, कोणी हात लावलेला नाही.’

स्वेटर ती मुद्दामच विसरली होती. जागा धरून ठेवायची घराण्याची ही जुनी पद्धत. बाबा अजूनही सभागृहात रुमाल टाकतात.

चौकोनाचं मात्र थोडं सांगायला हवं. कंपनी दवाखान्यांसाठी एक अ‍ॅप बनवते. नंबर लावताना पहिल्याच पानावर विचारलं जातं, आपण कोण? उत्तराला दोन चौकोन: ‘रुग्ण’ आणि ‘रुग्णाचे नातेवाईक’. मागच्या उन्हाळ्यात धाकटीला कमी महत्त्वाचं काम म्हणून आकडे तपासायला बसवलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की महिन्याला अकराशेच्या वर माणसं या पानावर येतात, थांबतात आणि निघून जातात. मग तिने मदतकेंद्रावर आलेल्या फोनची रेकॉर्डिंग ऐकली. त्यात एक टॅक्सीवाला होता. त्याच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ बेशुद्ध पडले होते आणि तो विचारत होता, “मी रुग्ण नाही, नातेवाईकही नाही. मी टॅक्सीवाला आहे. मी काय दाबू?” मदतकेंद्राने त्याला जे लागू असेल ते दाबायला सांगितलं. धाकटीने ते रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं आणि तिसरा चौकोन करायला घेतला: ‘यांपैकी कोणी नाही, पण सोबत आहे’. तो तयार झाला, तपासायचा राहिला, आणि उन्हाळा संपला. कंपनीला इतर कामं होती. धाकटीला पुढचे दहा महिने दुसरं काही सुचत नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर तिने पहिल्या दिवशी करायच्या तपासण्या लिहून ठेवल्या होत्या. एकूण चोवीस.

तर हेडसर. चौतीस वर्षं शिक्षक, त्यातली नऊ मुख्याध्यापक. आईने कौतुकाने सांगितलं, हिला कंपनीने परत बोलावलंय. हेडसरांनी चष्मा काढला आणि धाकटीकडे फार मायेने पाहिलं. त्यांच्या चौतीस वर्षांत मुलाला त्याच वर्गात परत बसवायचं एकच कारण असे.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “पहिल्या खेपेला भले भले गडगडतात.”

धाकटीने सांगितलं की ती नापास झालेली नाही. काम आवडलं म्हणून बोलावलंय. हेडसरांनी मान हलवली. नापास झालेली सगळीच मुलं त्यांना असंच काहीतरी सांगत आली होती.

अकरापर्यंत बातमी चारही मजल्यांवर पोचली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या भाच्याचं उदाहरण दिलं. तो तीनदा नापास झाला आणि आज त्याच्या हाताखाली सहा माणसं आहेत. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी पहाटे उठायला सांगितलं. तळमजल्यावरच्या शिंप्याकडे आईने नव्या पँटचं माप द्यायला पाठवलं, तर तो कमरेला टेप लावून म्हणाला, मागच्या वर्षीपेक्षा दीड इंच कमी, काळजीने माणूस असाच उतरतो. धाकटी मागच्या वर्षभरात रोज तीन जिने चढत होती, कारण लिफ्ट बंद होती. पण शिंप्याशी वाद घालू नये, पँट त्याच्याकडे असते. शिवाय त्या कंपनीत नव्या पँटचा उपयोग नव्हता. तिथे मालकच अर्ध्या चड्डीत येई.

“लोकांना काय बोलायचं ते बोलू दे,” ती आईला म्हणाली. “सोमवारी त्यांच्या नाकावर टिच्चून जाते की नाही बघ.”

मंगळवारी ती कॉलेजच्या कार्यालयात गेली. खिडकी क्रमांक तीन, मागे हेडक्लार्क. टेबलावर एक स्टीलची पट्टी, एक शाईची गादी आणि खाडाखोड झाकायच्या पांढऱ्या रंगाची बाटली, या तीन गोष्टी एका ओळीत. मनुष्य वाईट नव्हता. लाच घेत नसे, कोणाला ताटकळत ठेवत नसे, पेन मागितलं तर देत असे. फक्त कागदावर जे नाही ते जगात आहे, असं तो मानत नसे.

अर्जाचा नमुना धाकटीला ओळखीचा होता. वरच्या उजव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचं एक गोल वर्तुळ. मागच्या वर्षीच्या अर्जावरही ते होतं, त्याच्या आधीच्याही. त्याचं कारण असं की, कोरा मूळ नमुना फार वर्षांपूर्वी चुकून एका विद्यार्थ्याला दिला गेला आणि त्याने तो भरून टाकला. तेव्हापासून हंगामातला शेवटचा मंजूर अर्ज घ्यायचा, भरलेला मजकूर पांढऱ्या रंगाने बुजवायचा आणि त्याच्या झेरॉक्स काढायच्या, हा कार्यालयाचा शिरस्ता. बुजवल्या जात त्या रकान्यांतल्या खुणा आणि उत्तरं. चहाचं वर्तुळ कोणी भरलेलं नव्हतं, त्यामुळे ते राहिलं. कुणाच्या तरी कपाचं ते वर्तुळ आठ वर्षांत सरकारी शिक्क्यासारखं अधिकृत होऊन बसलं होतं.

रकाना चार: ‘इंटर्नशिपसाठी जाण्याचे कारण’. दोन चौकोन. ‘प्रथमच’. ‘अनुत्तीर्ण झाल्याने पुन्हा’.

धाकटी पेन हातात धरून उभी राहिली. मग तिने ‘प्रथमच’वर खूण केली.

हेडक्लार्कने रजिस्टर काढलं, मागच्या वर्षीचं पान उघडलं आणि तिच्या नावावर बोट ठेवलं. प्रथमच म्हणणं खोटं. त्याने नवा अर्ज दिला. धाकटीने कंपनीचं प्रमाणपत्र पुढे केलं: काम यशस्वीरीत्या पूर्ण केले. हेडक्लार्कने ते शेवटच्या सहीपर्यंत वाचलं.

“मग परत कशाला?” त्याने विचारलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

“त्यांनी बोलावलंय, सर.”

“उत्तीर्ण झालेल्याने परत जायची तरतूद नाही. दुसऱ्या चौकोनावर खूण कर, आणि नापास झाल्याचं कंपनीचं पत्र जोड. लगेच देतो परवानगी.”

कुठल्याही पेपरात कधी साठाखाली न गेलेली मुलगी ते ऐकून घरी आली आणि जेवताना तिने सगळं सांगितलं. बाबा विमा कंपनीत दावे तपासतात. कागद हा विषय त्यांच्यासमोर निघाला की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांचं मत असं पडलं की, काम अडलंय एका पत्रासाठी, तर पत्र मिळवावं. धाकटी म्हणाली, मी नापास झालेले नाही. बाबा म्हणाले, अगं पण कागदावरच ना? धाकटी ताटावरून उठली. बाबांनी आईकडे पाहिलं. आईने भाजीकडे पाहिलं.

आणि बुधवारी, ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत, कोणालाही न विचारता बाबांनी कंपनीला मेल पाठवला. तो पुढे घरात बऱ्याच वेळा वाचला गेल्यामुळे जसाच्या तसा देता येतो: ‘महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, माझी कन्या गतवर्षी आपल्याकडे अनुत्तीर्ण झालेली आहे. तरी तसे प्रमाणपत्र त्वरित मिळावे, ही विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.’ विषयाची जागा त्यांनी रिकामी सोडली होती. उपरोक्त काय, ते कंपनीने समजून घ्यायचं.

कंपनीने वेगळंच समजून घेतलं. गुरुवारी सकाळी दहाला मनुष्यबळ विभागाचं उत्तर आलं. उमेदवाराच्या पात्रतेविषयी तक्रार प्राप्त झाली असून नेमणूक स्थगित करण्यात येत आहे. उमेदवार अनुत्तीर्ण नसल्याचा स्पष्ट उल्लेख असलेलं कॉलेजचं पत्र शुक्रवारी पाचच्या आत न आल्यास नेमणूक रद्द समजावी.

म्हणजे गुरुवारी सकाळी परिस्थिती अशी होती. कॉलेजला ती नापास झाल्याचं कंपनीचं पत्र हवं होतं, कंपनीला ती नापास न झाल्याचं कॉलेजचं पत्र हवं होतं, आणि या दोन्ही संस्थांच्या मधोमध, कोणी न बोलावता, बाबा उभे होते.

“मला वाटलं काम सोपं होईल,” बाबा म्हणाले.

धाकटी रागावून बोलली असती तर बाबांना बरं वाटलं असतं.

तिने टीम लीडला फोन लावला. त्या कंपनीत लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. धाकटीला ते जमलं नव्हतं आणि ‘मॅडम’ म्हटलेलं तिथे कोणाला आवडत नव्हतं, म्हणून मागच्या उन्हाळ्यात दोन महिने तिने टीम लीडला हाकच मारली नाही. काम असलं की समोर जाऊन उभी राहायची. फोनवर समोर जाऊन उभं राहता येत नाही. “मी बोलतेय,” ती म्हणाली. टीम लीडने मेल वाचला होता. आधी ती बराच वेळ हसली, मग गंभीर झाली. मनुष्यबळ विभाग तिच्या हातात नव्हता. पण एक वाट होती.

“नापास झाल्याचं पत्र मी देते तुला. दहा मिनिटांत. कॉलेजला दाखव, परवानगी घे. इथे आलीस की त्या लोकांना मी समजावते. कोण वाचतंय?”

फोन स्पीकरवर होता. बाबा आशेने पाहत होते. दाराशी हेडसर उभे होते, वर्तमानपत्र घेऊन. ते हल्ली दिवसातून दोनदा परत द्यायला येत.

“नको,” धाकटी म्हणाली.

फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं, कागदावरचं नापास काय अंगाला चिकटतं का?

“बाबा, त्या टॅक्सीवाल्याला ‘नातेवाईक’ दाबून पुढे जाता आलं असतं. कोण बघणार होतं? त्याने नाही दाबलं. फोन केला आणि विचारलं, मी काय दाबू. त्याच्यासाठी मी दोन महिने चौकोन करत बसले, आणि आता स्वतःच्या वेळेला खोट्यावर खूण करून आत जाऊ? मग तिथे जाऊन काय तोंडाने तो तपासू?”

बाबांना टॅक्सीवाला कोण ते माहीत नव्हतं. हेडसरांनाही नव्हतं. पण मुलीच्या आवाजात असं काही होतं की दोघांनीही विचारलं नाही.

शुक्रवारी बाबांनी अर्धी रजा टाकली. हेडसर आपण होऊन निघाले. शिक्षकाच्या शब्दाला अजून वजन असतं, असं त्यांचं म्हणणं. शिंप्याने वाटेत हाक मारून पँट दिली. कमरेत ती दीड इंच मोठी होती. मागच्या वर्षीच्याच मापाने शिवली होती, परत अंग धरशील या हिशेबाने. ती घडी काखेत घेऊन धाकटी खिडकी क्रमांक तीनसमोर उभी राहिली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. परवानगीचा शेवटचा दिवस, रांगेत मागे कोणी नाही.

हेडसर पुढे झाले. त्यांनी आपली ओळख दिली, चौतीस वर्षं सांगितली, आणि म्हणाले की मुलगी लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे, अतिशय हुशार आणि कष्टाळू. एकदा नापास झाली म्हणून तिचं आयुष्य अडवू नये.

हेडक्लार्कचा चेहरा खुलला.

“म्हणजे आपण साक्षीदार,” तो म्हणाला. “निवृत्त मुख्याध्यापकांचं लेखी निवेदन पत्राच्या जागी चालतं. नियम नऊ. इथे सही करा सर, आणि तू दुसऱ्या चौकोनावर खूण कर. पाच मिनिटांचं काम.”

सगळ्यांनाच हायसं वाटलं. हेडसरांनी पेनाचं टोपण काढलं. बाबांनी घड्याळ पाहिलं, चार वाजून सतरा मिनिटं, आणि धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. चार दिवसांत पहिल्यांदाच एका खोलीतली सगळी माणसं तिच्या बाजूची होती, आणि ती सगळी मिळून तिला नापास करत होती.

“सर, जरा पट्टी देता?” धाकटीने विचारलं.

पट्टी मागणाऱ्या माणसाविषयी हेडक्लार्कला मुळातच आदर होता. त्याने दिली.

धाकटीने अर्ज खिडकीच्या कठड्यावर ठेवला. ‘प्रथमच’चा चौकोन. त्याखाली ‘अनुत्तीर्ण झाल्याने पुन्हा’चा चौकोन. त्याखाली तिने चार रेघा मारल्या, शेजारी छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘उत्तीर्ण झाल्याने परत बोलावलेली’, आणि चौकोनात खूण केली. मग अर्ज आत सरकवला, पट्टी त्यावर ठेवली.

हेडसरांनी टोपण परत लावलं.

“असं चालत नाही,” हेडक्लार्क म्हणाला.

“कुठल्या नियमाने, सर?”

हा प्रश्न उद्धटपणाने विचारला असता तर तिथेच निकाल लागला असता. पण तिने तो खरोखरच विचारला, आणि हेडक्लार्कला आयुष्यात इतक्या मनापासून कोणी नियम विचारला नव्हता. त्याने खणातून पुस्तिका काढली आणि वाचायला बसला. घाईघाईने नाही, पहिल्या पानापासून. चार चोवीस झाले. चार एकतीस झाले. बाबांनी दोनदा खोकून पाहिलं. धाकटी दोन्ही हात कठड्यावर ठेवून हलली नाही.

“नियम अकरा,” हेडक्लार्क शेवटी म्हणाला. “अर्जदाराने लागू असलेल्या चौकोनात खूण करावी.”

“केलीय.”

“चौकोन किती असावेत, ते दिलेलं नाही.” हे त्याला स्वतःलाच नवीन होतं. त्याने पट्टी उचलली आणि तिचा चौकोन मोजला. वरचे दोन मोजले. परत तिचा मोजला. “हा दोन मिलिमीटर मोठा आहे. आणि डावीकडे कलतोय.”

“पुन्हा काढू?”

“नको. खाडाखोड चालत नाही.”

त्याने शिक्का गादीवर दाबला आणि उमटवला. आत प्राचार्य खूण जिथे असेल त्यासमोर सही करतात, वाचत नाहीत. त्यांनी केली. चार अठ्ठेचाळीसला धाकटीने फोटो पाठवला. अनुत्तीर्ण नसल्याचा स्पष्ट उल्लेख कंपनीने मागितला होता. तो तिने स्वतःच्या अक्षरात, कॉलेजच्या शिक्क्यासह दिला होता. चार छप्पन्नला उत्तर आलं: प्राप्त झाले, सोमवारी साडेनऊला यावे.

परतल्यावर इमारतीच्या दाराशी शिंप्याने विचारलं, झालं का काम? हेडसर थांबले.

“पास झाली होती ती,” ते म्हणाले. त्यांच्या चौतीस वर्षांना ते जड गेलं, पण त्यांनी ते पूर्ण वाक्यात आणि मोठ्याने सांगितलं. “चौकशी न करता बोलू नये माणसाने.” यातला माणूस शिंपी होता, असं त्यांच्या नजरेवरून वाटत होतं.

सोमवारी धाकटी ढगळ पँट पट्ट्याने आवळून नऊ वाजून दहा मिनिटांनी कंपनीत पोचली. स्वेटर खुर्चीवर होता, एका बाहीवर धूळ. चोवीस तपासण्यांना तीन दिवस लागले, त्यातली सतरावी दोनदा फसली. गुरुवारी सकाळी चौकोन सुरू झाला, आणि अकरा वाजून चौदा मिनिटांनी कुठल्यातरी दवाखान्याच्या दारातून कोणीतरी त्यावर पहिली खूण केली. कोणी ते कळायची सोय नव्हती. टीम लीड शेजारी येऊन उभी राहिली. दोघींनी पडद्यावरचा तो एकचा आकडा बराच वेळ पाहिला, दोनचा होईपर्यंत.

पुढच्या वर्षी धाकटीला तिसऱ्यांदा बोलावणं आलं. ती खिडकी क्रमांक तीनशी गेली. नव्या अर्जांचा गठ्ठा ठेवलेला होता. वरच्या कोपऱ्यात चहाचं वर्तुळ. रकाना चारमधली तिची खूण नीट बुजवलेली होती, पण चौकोन होता, शेजारचा मजकूरही होता, तिच्याच अक्षरात, शंभर प्रतींवर. दोन मिलिमीटर मोठा आणि डावीकडे कललेला. खिडकीपुढे दोन मुलं त्यावर खूण करत होती. एकाने चौकोन वाकडा असल्याचं बोलून दाखवलं, तेव्हा हेडक्लार्कने मान वर न करता सांगितलं, तो तसाच आहे, मोजून घेतलाय.

धाकटीने हसत अर्ज भरला, तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि आत दिला. हेडक्लार्कने रजिस्टर काढलं. एका वर्षाचं पान, मग त्याच्या आदल्या वर्षाचं.

“हा चौकोन परत बोलावलेल्यांसाठी,” तो म्हणाला. “तू परत जाऊन आलेली आहेस.”

“मग?”

हेडक्लार्कने तिच्याकडे पाहिलं, गठ्ठ्यातून एक कोरा अर्ज काढून कठड्यावर ठेवला आणि स्टीलची पट्टी आपण होऊन तिच्याकडे सरकवली.

“या वेळी मोजून काढ.”